सहावी ते आठवीच्या वर्गात ध्येय आणि नेतृत्व यांतून वाचन-लेखन कसं शिकवायचं?

प्रश्न असा आहे: चाळीसेक मुलांच्या वर्गात प्रत्येकाकडून वाचन-लेखनाचं ध्येय लिहून घेतलं, ते भिंतीवर लावलं, गट पाडले, गटप्रमुख नेमले. महिन्याभरात ध्येयं विसरली गेली, गटात तीच चार-पाच मुलं बोलतात आणि वाचन-लेखन होतं तिथेच आहे. चुकलं कुठे आणि नीट कसं करायचं?

बहुतेक वर्गांत चूक एकाच ठिकाणी असते. ध्येय मजकुरापासून फार लांब ठेवलेलं असतं आणि नेतृत्व म्हणजे एक पद होऊन बसतं. ‘मी रोज वाचेन’, ‘माझं लेखन सुधारेन’ हे संकल्प झाले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ध्येयाचा उपयोग होतो तो समोरच्या परिच्छेदावर नेमकं काय करायचं हे त्यातून कळत असेल तर. तसंच गटप्रमुखाकडे गटाचं वाचन पुढे सरकवण्याचं ठरलेलं काम नसेल, तर तो वह्या गोळा करतो आणि ‘शांत बसा’ म्हणतो, एवढंच.

सुरुवात ध्येय लिहून घेण्यापासून करू नका. आधी प्रत्येक मूल आज कुठे आहे ते पाहा. पाठ्यपुस्तकाबाहेरचा, न वाचलेला दीडशे ते दोनशे शब्दांचा उतारा घ्या. मुलाला एकट्याला बोलावून एक मिनिट मोठ्याने वाचू द्या, बिनचूक वाचलेले शब्द मोजा, मग राहिलेला उतारा मनात वाचायला सांगा आणि ‘काय वाचलंस ते सांग’ म्हणा. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. रोज पाच मुलं घेतली तर चाळीस मुलांचं काम आठ दिवसांत आटोपतं. बाकीचा वर्ग तेवढा वेळ मूकवाचन करतो. वाचताना चूक कुठे होते ते आपल्या प्रतीवर खुणेने नोंदवा: जोडाक्षरावर अडतो, शब्दाचा शेवट गाळतो (‘झाडांखालच्या’चं ‘झाडाखाली’ करतो), ओळ सुटते, की पहिलं अक्षर पाहून अंदाजाने शब्द ठोकून देतो. चारही चुकांवर उपाय वेगळे आहेत.

इथे एक सावधगिरी. इंग्रजी वाचनासाठी इयत्तेनुसार मिनिटाला किती शब्द याचे तक्ते मिळतात. ते मराठीला लावू नका. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीत तीन-चार शब्दांत येणारी गोष्ट मराठीत एकाच लांब शब्दात मावते. तक्त्याशी तुलना केली की चांगली वाचणारी मुलंही मागे दिसतात. मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या वाचनाशी करा आणि दोन्ही वेळचे उतारे साधारण सारख्या अवघडपणाचे घ्या.

लेखनासाठी पंधरा मिनिटांत एक मताचा परिच्छेद लिहून घ्या. सगळ्यांना विषय एकच. गुण देऊ नका, लाल शाई वापरू नका. वाक्यं किती, कारणं किती, कारणाला दाखला आहे का, वाक्य कुठे संपतं ते कळतं का, एवढंच पाहा.

या पाहणीतून मुलं साधारण तीन गटांत पडतात. अक्षरांपाशीच अडखळणारी, भराभर वाचणारी पण वाचलेलं न सांगू शकणारी आणि नीट समजणारी पण दोन ओळींपुढे न लिहिणारी. माध्यमिकच्या उंबरठ्यावर दुसरा गट सगळ्यात फसवा. त्यांचं वाचन ऐकायला गोड वाटतं म्हणून ती वर्षानुवर्षं सुटतात.

आता ध्येय. चांगल्या ध्येयात तीन गोष्टी असतात: काय करणार, कधी करणार, झालं हे कशावरून कळणार. उदाहरणं देतो.

अडखळणाऱ्यासाठी: ‘रोज एकच उतारा तीनदा वाचेन. तिसऱ्या वेळी, अडलेल्या शब्दांपैकी किती न अडता वाचले ते वहीत लिहीन.’

न समजता वाचणाऱ्यासाठी: ‘परिच्छेद संपला की पुस्तकावर हात ठेवून त्यातली मुख्य गोष्ट एका वाक्यात लिहीन. लिहिता आली नाही तर तोच परिच्छेद पुन्हा वाचेन.’

न लिहिणाऱ्यासाठी: ‘प्रत्येक कारण लिहिल्यावर कोण, केव्हा, किती यांपैकी दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्यापुढे लिहीन.’

दुसऱ्या उदाहरणातली ‘जेव्हा असं होईल, तेव्हा मी असं करेन’ ही रचना मुद्दाम आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अशा जर-तर आराखड्यांवरचं संशोधन एकत्र मांडलं. नुसत्या इराद्यापेक्षा असा आराखडा जास्त पाळला जातो, कारण कृती कधी करायची हे प्रसंगच आठवून देतो. मुलाच्या बाबतीत तो प्रसंग म्हणजे परिच्छेदाचा शेवट. तो दर पानावर दोन-तीनदा येतोच.

मुदत दोन आठवड्यांची ठेवा, सत्राची नको. आल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक यांचा १९८१ चा प्रयोग इथे उपयोगी आहे. गणितात मागे पडलेल्या आणि गणिताची गोडी नसलेल्या मुलांना सात बैठकांसाठी ४२ पानांचा वजाबाकीचा सराव दिला. एका गटाला सांगितलं, दर बैठकीला सहा पानं करायची. दुसऱ्याला सांगितलं, शेवटपर्यंत ४२ पानं संपवायची. काम तेवढंच होतं, तरी जवळच्या ध्येयाचा गट कौशल्यात, आत्मविश्वासात आणि गोडीतही पुढे गेला. लांबच्या ध्येयातून मुलाला ‘मी पुढे सरकतोय’ हे दिसत नाही आणि न दिसणारी प्रगती या वयात प्रगती वाटतच नाही.

ध्येय मुलाने निवडायचं की शिक्षकाने? दोघांनी. कोरा कागद हातात दिला तर मुलं ‘अक्षर सुंदर काढेन’ लिहितात, कारण आजवर त्याचंच कौतुक झालेलं असतं. पाहणीत दिसलेल्या चुकांवरून आठ-दहा ध्येयांची यादी तुम्ही करा. प्रत्येक मुलाला त्याच्या अडचणीशी जुळणारी दोन-तीन दाखवा आणि त्यातलं एक त्याला निवडू द्या. एका वेळी एकच. वाचनाचं आणि लेखनाचं अशी दोन ध्येयं फक्त ज्यांना एक सहज पेलतं त्यांनाच.

सुरुवातीला ध्येय पद्धतीचं असू द्या, फळाचं नंतर. ‘परिच्छेदाला दहापैकी आठ गुण मिळवेन’ हे फळ झालं. ते कसं मिळवायचं हे मुलाला ठाऊकच नसेल तर ध्येय नुसतं दडपण आणतं. बॅरी झिमरमन आणि अनास्तासिया कित्सांतास यांनी १९९९ मध्ये शाळकरी मुलींच्या वाक्यलेखनावर हेच तपासलं. आधी पद्धतीवर लक्ष देऊन ती अंगवळणी पडल्यावर फळाकडे वळलेल्या मुलींचं काम सगळ्यात सरस ठरलं. वर्गात याचा अर्थ साधा आहे. पहिले चार आठवडे ‘काय करेन’, त्यानंतर ‘किती चांगलं होईल’.

ध्येय वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं. भिंतीवर नावानिशी तक्ता लावू नका. कमी वाचणाऱ्या मुलाला तो रोज सगळ्यांसमोर कमीपणा दाखवतो, मग ते मूल सोपं ध्येय घेतं किंवा खोटी नोंद करतं. वाचलेल्या पानांची संख्या हेही ध्येय नको. पानं मोजायला लागलात की मुलं मोठ्या टाइपाची, चित्रांची पुस्तकं शोधतात आणि अवघड परिच्छेद उडवतात. तारे, चॉकलेट, शिक्के यांचंही तेच. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवलं की चित्रं काढायची आधीच आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर नंतर मोकळ्या वेळात ती चित्रांकडे कमी वळतात. ध्येयाला गुण मात्र कधीही देऊ नका. गुण दिलेत की पुढच्या वेळी सगळा वर्ग सोपं ध्येय निवडणार, आणि त्यात मुलांची काही चूक नाही.

ध्येय जिवंत राहतं ते भेटीमुळे. दिवसाला चार मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं. दहा कामाच्या दिवसांत चाळीस मुलं होतात, म्हणजे दर पंधरवड्याला प्रत्येकाची एक भेट. भेटीत तीनच गोष्टी विचारायच्या: तुझं ध्येय वाचून दाखव, ते वहीत कुठे दिसतं त्यावर बोट ठेव, पुढच्या वेळी काय वेगळं करशील? यातलं ‘बोट ठेव’ सगळ्यात महत्त्वाचं. ‘हो सर, करतो ना’ या उत्तराला तिथे जागा उरत नाही. पुरावा सापडला नाही तर रागवू नका, समोर बसवून एकदा करून घ्या. सलग दोन पंधरवडे ध्येय जमलं नाही तर ते मोठं आहे किंवा त्यासाठी लागणारी युक्ती मुलाला शिकवलेलीच नाही. अशा वेळी ‘मनावर घे’ म्हणून काही होत नाही. पहिल्याच आठवड्यात सहज जमलं, तर ते फार सोपं होतं.

नेतृत्वाकडे येऊ. वाचनासाठी सगळ्यात भरवशाची पद्धत ॲनमरी पालिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडली. त्यांच्यासमोरची मुलं सातवीची होती. अक्षरं नीट वाचणारी, पण समजण्यात मागे, म्हणजे आपला दुसरा गट. छोट्या गटात मुलं आळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात आणि चार कामं करतात: पुढे काय येईल याचा अंदाज, मजकुरावर प्रश्न, अडलेल्या जागेचा उलगडा आणि सारांश. चर्चेचा प्रमुख दर परिच्छेदाला बदलतो. वर्गात हे करताना गट चौघांचा ठेवा. पाच झाले की एक जण हमखास प्रेक्षक होतो.

इथे बहुतेक शिक्षक घाई करतात. पहिल्याच दिवशी चार कामांच्या चिठ्ठ्या वाटतात आणि मुलं चिठ्ठीवरचं वाचून मोकळी होतात. आधी प्रत्येक कामाला दोन-तीन तास द्या. त्या तासांत तुम्ही स्वतः मोठ्याने विचार करत वाचून दाखवा: ‘हा शब्द मला कळला नाही, पण पुढच्या ओळीत परत येणारा आवाज म्हटलंय, म्हणजे...’ मग वर्गासोबत, मग जोडीत, मग गटात.

वटवाघळांवरचा परिच्छेद घ्या. वटवाघूळ तोंडाने आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाज काढतं, ते समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात आणि त्यावरून त्याला वस्तू कुठे आहे ते कळतं, असा मजकूर आहे. नवखा प्रमुख विचारतो, ‘वटवाघूळ काय काढतं?’ उत्तर ओळीतच आहे, कोणाला समजून वाचावं लागत नाही. थोडा शिकलेला प्रमुख विचारतो, ‘आवाज उशिरा परत आला तर वटवाघळाला काय कळेल?’ आता गटाला मजकूर समजून जोडावा लागतो. मुलांना फरक सांगायची सोपी खूण म्हणजे, ज्याचं उत्तर एका ओळीवर बोट ठेवून देता येतं तो पहिला प्रकार. प्रमुखाने प्रत्येक परिच्छेदावर निदान एक प्रश्न दुसऱ्या प्रकारचा विचारावा, हे त्याचं ध्येय. ध्येय आणि नेतृत्व इथे एकत्र येतात.

सारांशाचंही तसंच. ‘या परिच्छेदात वटवाघळांची माहिती दिली आहे’ हा सारांश नव्हे, तो मथळा झाला. ‘वटवाघूळ स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वस्तू किती लांब आहे ते ओळखतं’ हा सारांश. पंधरा शब्दांची मर्यादा घाला. मर्यादा नसेल तर मुलं परिच्छेद जवळजवळ जसाच्या तसा उतरवतात. मर्यादा असली की काय सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि समजणं तिथेच तपासलं जातं.

प्रमुखासाठी दोन नियम ठेवा. आपल्या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतः द्यायचं नाही. आणि एकाच मुलाने सलग दोनदा उत्तर दिलं तर तिसऱ्या वेळी दुसऱ्याला विचारायचं. हुशार आणि बोलक्या मुलांना हे नियम जड जातात, त्यांच्यासाठी नेतृत्वाचं खरं शिक्षण तेच आहे. चार-पाच आठवड्यांनी चिठ्ठ्या काढून घ्या. तोवर चारही कामं सगळ्यांच्या अंगात आलेली असतात. चिठ्ठ्या तशाच ठेवल्या तर चर्चा होत नाही, पाळी लावून उत्तरं वाचली जातात.

अडखळत वाचणाऱ्या मुलाला प्रमुख करायचं का? करायचं, पण आदल्या दिवशी त्याला तो परिच्छेद द्या आणि घरी किंवा जोडीदारासोबत तीनदा वाचून घ्या. तयारीविना उभं केलंत तर चौघांसमोर त्याची फजिती होते आणि पुढच्या पाळीला ते मूल गैरहजर असतं. या मुलांसाठी याहून चांगलं काम म्हणजे धाकट्यांना वाचून दाखवणं. आठवीच्या मुलाला दुसरीचं पुस्तक ‘तुझ्या सरावासाठी’ म्हणून दिलं तर त्याला अपमान वाटतो. तेच पुस्तक ‘दुसरीच्या मुलांना शुक्रवारी वाचून दाखवायचं आहे’ म्हणून दिलं की चार वेळा वाचायला सबळ कारण मिळतं. सोमवारी पुस्तक निवडायचं, मंगळवारी आणि बुधवारी जोडीदाराला वाचून दाखवायचं, गुरुवारी कुठे थांबून काय विचारायचं याच्या तीन जागा पेन्सिलीने खुणवायच्या, शुक्रवारी दहा मिनिटं वाचन. धाकटी मुलं अडखळण्याला हसत नाहीत, ती चित्र बघत असतात. वाचून झाल्यावर मुलाकडून एक वाक्य लिहून घ्या: ती कुठे हसली, कुठे चुळबुळली.

लेखनात ‘कारणापुढे तपशील’ या ध्येयाने काय होतं ते एका परिच्छेदावर पाहा. ‘वाचनालय शनिवारी उघडं असावं का’ या विषयावर सहसा असं येतं: ‘वाचनालय शनिवारी उघडं असावं. कारण वाचन खूप महत्त्वाचे आहे. वाचनाने ज्ञान मिळते. म्हणून वाचनालय शनिवारी उघडं असावं असं मला वाटतं.’ वरचं ध्येय वापरून तेच मूल दुसऱ्यांदा लिहितं: ‘आम्हाला पुस्तक फक्त बुधवारी बदलता येतं. ज्यांचं पुस्तक दोन दिवसात संपत त्यांच्या हातात पुढचे पाच दिवस काही नसतं. शनिवारी एक तास वाचनालय उघडं ठेवलं तर ती मुलं सुट्टीत वाचतील.’ अनुस्वार सुटलेत, विरामचिन्हं तोकडी आहेत. तरी पहिल्या लेखनात कोणाचंही मत बदलणार नाही, दुसऱ्यात बदलू शकतं. पहिल्यात बोली आणि प्रमाण रूपांची सरमिसळ आहे (‘उघडं’ आणि ‘महत्त्वाचे’), बहुतेक शिक्षकांची लेखणी आधी तिथेच जाते. तो विषय तिसऱ्या-चौथ्या पंधरवड्याचा. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनावरचे अभ्यास एकत्र तपासले. लेखनाची नेमकी ध्येयं, नियोजन आणि उजळणीच्या युक्त्या, सारांशलेखन, मिळून लिहिणं या सगळ्यांचा फायदा दिसला. सुटं व्याकरण शिकवण्याचा लेखनाला फायदा दिसला नाही.

लेखनातलं नेतृत्व म्हणजे संपादकाचं काम. दोन फेऱ्या ठेवा. पहिल्या फेरीत जोडीदार वाचताना जिथे अडला त्या ओळीखाली रेघ मारतो आणि ‘इथे मला कळलं नाही’ किंवा ‘इथे आणखी सांग’ एवढंच म्हणतो. दुरुस्त करायचं नाही, लेखणी लेखकाच्याच हातात राहते. मजकूर बदलून झाल्यावर दुसरी फेरी, त्यात एका संपादकाकडे एकच गोष्ट: एक जण फक्त वाक्याचा शेवट बघतो, दुसरा फक्त ऱ्हस्व-दीर्घ, तिसरा फक्त अनुस्वार. ‘सगळ्या चुका शोध’ म्हटलं की मुलं दोन शब्द गोल करून ‘छान लिहिलंस’ म्हणतात. दर पंधरवड्याला संपादकांची कामं बदला.

लिहिलेलं कुठेतरी जायला हवं. वाचनालयाचं पत्र मुख्याध्यापकांना खरोखर द्या आणि उत्तर मागा, नकार असला तरी चालेल. याहून कडक कसोटी सूचनांच्या लेखनाची. पुस्तक कसं घ्यायचं आणि परत करायचं हे तिसरीच्या मुलांसाठी लिहायला सांगा, मग तिसरीचं एक मूल फक्त तो कागद वाचून पुस्तक घेतं आणि लेखकाने मध्ये बोलायचं नाही. मूल जिथे थबकतं तिथली सूचना अपुरी. एवढी रोखठोक दुरुस्ती शिक्षकाच्या शेऱ्यातून होत नाही.

आठवड्याला भाषेचे पाच तास असतील तर दोन तास गटवाचनाला, दोन लेखनाला द्या. पाचव्यात धाकट्यांचं वाचन आणि वहीतल्या ध्येयाची नोंद. भेटी रोजच्या मूकवाचनाच्या वेळेत बसवा.

शेवटी एक मर्यादा. पाहणीत दोन-चार मुलं अशी निघतील की त्यांना जोडाक्षरंच ओळखता येत नाहीत, काहींना काना-मात्रेतही गोंधळ होतो. त्यांच्यासाठी गटचर्चा आणि ध्येय पुरेसं नाही. त्यांना रोज पंधरा-वीस मिनिटं वेगळं बसवून ध्वनी-अक्षराचं पद्धतशीर शिकवणं लागतं. रोज दोन-तीन जोडाक्षरं, ती असलेले दहा शब्द, मग ते शब्द असलेली तीन-चार वाक्यं, आणि दुसऱ्या दिवशी आधी कालचे शब्द. ही मुलं गटात बसू द्या, अंदाज आणि उलगड्याची कामं ती ऐकून छान करतात. सहा-आठ आठवड्यांत काहीच हललं नाही, तर नजर, श्रवण आणि अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्यायला पालकांशी बोला.